चुकोतलं नाणं

"थांबा! हे काय करताय?"

वाटीत बोटं तशीच ठेवून मी वर पाहिलं. होडीतून आमच्या घराच्या लाकडी पायरीवर उतरणारा एक उंच, सावळा मुलगा घाबरून बघत होता — जणू मी मांजराचं पिल्लू बुडवत होते.

"नाणी घासतेय. चुकोत. आंबट असतं ना, गंज सुटतो."

"पेंपेकच्या माशाच्या वड्यांबरोबर खायची चुको? व्हिनेगर, गूळ, मिरची... अहो, गंजाबरोबर नाणंही जाईल! घाई नको."

घाई नको! माझ्या हातून वाटीच पडायची राहिली. माझे आबा घरासमोरच्या मुसी नदीच्या तळातून नाणी काढायचे आणि मी फोटो टाकून ती फोनवर विकायचे. प्रत्येक फोटोखाली कुणी तर्मिझी हमखास लिहायचा — 'घाई नको. हे जुन्या श्रीविजय राज्याचं नाही, साधं डच तांबं आहे.' की गिऱ्हाईक पळालंच!

"तर्मिझी तुम्हीच ना?"

त्याचे कान लाल झाले. "म्हटलं, फोटोखाली लिहिण्यापेक्षा प्रत्यक्ष..."

"प्रत्यक्ष भांडावं?"

"प्रत्यक्ष बघावं," असं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं... आणि घाईघाईने नाण्यांकडे.

चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं मी. जमलंच नाही.

मी 'सुलतानाचं जुनं नाणं' म्हणून विकायला ठेवलेला एक काळा, चपटा, भोकाचा गोळा त्याने तळहातावर तोलला, तिरप्या उन्हात फिरवला. "याचं अजून सांगता येत नाही. परत यावं लागेल."

मग तो दर रविवारी यायला लागला. नाणी साध्या पाण्यात भिजवायची, तिरप्या उजेडात धरायची, भोक गोल की चौकोनी ते आधी बघायचं, हे त्यानेच शिकवलं. बाकीची नाणी तो चुटकीसरशी ओळखायचा. तो गोळा मात्र ओळखता येत नव्हता. मी पेंपेक तळायचे, तो वाटी तोंडाला लावून चुको संपवायचा. 'अहो'चं 'अगं' कधी झालं, कळलंही नाही.

एका दुपारी आबांचं फाटकं जाळं कठड्यावर वाळत होतं. त्याला शिशाचे चपटे गोळे बांधलेले — तसंच भोक, दोरीने झिजलेली तशीच खाच. नाणं नव्हतंच ते! पण हे सांगितलं तर तो रविवारी कशाला येईल? मी जाळं उचलून आत ठेवून दिलं.

आणि नेमकं त्याच गोळ्याच्या फोटोखाली जांबी शहरातल्या एका गिऱ्हाइकाने लिहिलं, 'तर्मिझीने खरं म्हटलं, तर हे घेतो.' आबा खूश. मला जेवण जाईना. खोटं विकायचं, की त्याचं येणं बंद करायचं?

रविवारी तो पायरीवर बसायच्या आतच मी बोलून टाकलं. "ते नाणं नाही. जाळ्याचं शिसं आहे. आता तुला... यायची गरज नाही."

त्याचे कान पुन्हा लाल.

"मसायू, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. हातात घेताक्षणी."

"काय? जगाच्या चुका काढणारा तू, माझ्याशी खोटं बोललास?"

"एवढं एकच. दुसरं कारण सुचेना गं यायला!"

मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. त्याने फोन काढला. सगळ्या बाजाराला दिसेल असं, मी टाकलेल्या त्या गोळ्याच्या फोटोखाली लिहिलं — 'हे जाळ्याचं शिसं आहे. मला आधीच माहीत होतं. विकणारी आवडते म्हणून बोललो नाही.'

खाली धडाधड उत्तरं. जांबीच्या गिऱ्हाइकाचं पहिलं — 'माझं राहू दे. लग्नाला बोलवा!'

"आईला पाठवू?" त्याने हळूच विचारलं. "मुलगी बघायला?"

"घाई नको," मी म्हणाले. त्याचा चेहरा पडला.

मग मीच त्याचा हात धरला. "शुक्रवारी पाठव. तोवर चुकोची भांडी घासायची आहेत मला."