तुळसीने न बोललेली ओळ

ज्याला खोटं वाटेल त्याने वाचू नये. मला कोणाची मनधरणी करायची नाही. घडलं ते खरं.

जागा चेन्नईतलं पेरुंगुडी, माझ्या भावाचा फ्लॅट. सुरुवात आडी अमावस्येला, इकडे पितरांना जेवू घालतात त्या दिवशी. आणि वेळ भर दुपारची! भुतं रात्रीच येतात हे सिनेमावाल्यांचं शास्त्र.

माझा भाऊ वेंकोबा ठार बहिरा. बायको तुळसी गेली आणि त्याने अन्नच टाकलं. सून संयुक्ता रोज त्याच्यापुढे केळीचं पान मांडी, पाणी शिंपडून वाढी, रोज भरलेलं उचली. असंच चाललं तर माणूस हाती लागायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मुलगा शेषाद्री सॉफ्टवेअर लिहितो. व्हिडिओत माणूस बोललं की नेमकी त्याच वेळी खाली अक्षरं उमटतात. फुकट वाटतात म्हणे ते.

“सगळं उघडं असतं, आत्या. कोणीही आत शिरून बदलावं.”

“दाराला कडी नाही आणि म्हणे घर!”

त्याने तुळसीचा जुना व्हिडिओ घेतला. ती वाढते आहे, बोलते आहे. तिचं बोलणं त्याने अक्षरांत गुंफलं, बहिऱ्या बापासाठी.

एवढी एक अक्कल चालली. “जेवा हो, गार होतंय,” ही ओळ वाचून वेंकोबा घळाघळा रडला... आणि जेवला.

मग रोज टीव्हीवर तोच व्हिडिओ, समोर पान.

अमावस्येला संयुक्ता पाणी ठेवायला वाकली. पडद्यावर तुळसीचे ओठ मिटलेले होते. तरी खाली...

“रसमात मीठ नाही.”

संयुक्ताने चाखलं.

नव्हतं.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“मी कशाला लिहू?” शेषाद्रीने सगळं उघडून पाहिलं. ती ओळ कुठेच नव्हती. त्याने अक्षरं सगळीच पुसून टाकली.

दुसऱ्या दुपारी, कोऱ्या व्हिडिओवर...

“उद्या ह्यांचं पान मांडू नका.”

“कोणीतरी चेष्टा केली असेल,” शेषाद्री म्हणाला.

दीडशहाणा! कुठल्या देशातला चेष्टेखोर आमच्या घरचं पान सांभाळतो?

संयुक्ताने हट्टाने पान मांडलं. वेंकोबा जेवला. ओळ पुन्हा तीच. रोज ‘उद्या’.

“उद्या काही येत नाही, आत्या,” ती हसायला लागली होती.

काल ओळ आली... त्यात ‘उद्या’ नव्हतं.

“ह्यांचं पान मांडू नका.”

पान मांडून झालं होतं. संयुक्ता भात आणायला धावली. ती वाढणार, तोच वेंकोबाने रिकामं पान दुमडलं.

पलीकडे.

पोट भरलं की पान आपल्याकडे दुमडतात. पलीकडे दुमडतात ते सुतकाच्या जेवणात.

“अप्पा, जेवा ना!” तिने हात जोडले.

“माझं तिकडे मांडलंय,” तो हसून म्हणाला.

आज शेषाद्री ऑफिसात बसून आपलं सॉफ्टवेअर उलटंपालटं करतोय. कर बाबा! टीव्हीची वायर मी स्वतः उपटली. वेंकोबाच्या खोलीला आतून कडी घालून मी त्याच्या उशाशी बसले आहे.

बाहेर पानावर पाणी शिंपडल्याचा आवाज येतोय...

संयुक्ता इथे आहे. माझा हात धरून.