टोपीतला पुठ्ठा

सन अठराशे छत्तीसच्या वसंतातली ती पहाट. सान लूकास नदीकाठच्या दलदलीवरून धुके उठत होते, पलीकडच्या माळावर मेक्सिकोच्या सरकारी फौजेचे तंबू हळूहळू उघडे पडत होते, आणि अलीकडे टेक्सासच्या बंडखोरांच्या छावणीत कप्तान व्हिटलॉक पुठ्ठ्याचे तुकडे वाटत होता. तुकडे सर्वांसाठी नव्हते. सातशे गोऱ्या बंडखोरांत वीस स्वार असे होते, की ज्यांची बोली, वर्ण, आडनावे सारी गनिमासारखी. मुलूख मात्र त्यांचा पिढीजात, आणि त्याच मुलखासाठी ते आपखुशीने तलवार बांधून आले होते. धुमाळीत आपला कोण, परका कोण, हे गोऱ्यांना कळावे म्हणून या विसांनी टोपीच्या पट्ट्यात पुठ्ठा खोवायचा होता.

"हुकूम ध्यानात ठेवा," कप्तान म्हणाला, "ज्याच्या टोपीत पुठ्ठा नाही, तो गनीम!"

त्या विसांतला अन्सेल्मो अरोचा हसला. गेल्याच आठवड्यात नदीच्या पुरातून त्याने या कप्तानाला केसाला धरून बाहेर ओढले होते.

"कप्तानसाहेब, महिनाभर आपण आमच्या घोंगडीवर बसून आमच्या हातची भाकरी खाल्लीत. आमच्या ओळखीला पुठ्ठा लागावा?"

"रागावू नका, अरोचा. तुमच्याच जिवाची काळजी म्हणून."

अन्सेल्मोने पुठ्ठा खोवला. टोपीचा तो लाल पट्टा त्याच्या आईने विणलेला. सरकारी फौजेने त्याच्या धाकट्या भावाला, फर्मीनला वेठीला धरून पलटणीत घातले, तेव्हा थोरल्याच्या घोड्याचा लगाम धरून ती माउली म्हणाली होती, "तुझं स्वातंत्र्य तू आण, बाळा. पण येताना माझा फर्मीन आण."

भरदुपारी हल्ला झाला. शत्रू गाफील होता. अर्ध्या घटकेत लढाई संपली आणि कत्तल सुरू झाली. सरकारी शिपाई हत्यारे टाकून दलदलीत पळाले, कमरेइतक्या चिखलात रुतले, हात जोडून उभे राहिले, आणि काठावरून बंदुका निवांत भरभरून त्यांना टिपले जाऊ लागले. याला पराक्रम म्हणणाऱ्याची जीभ झडो!

अन्सेल्मो वेड्यासारखा एकेक तोंड न्याहाळत चिखल तुडवीत होता. बोरूच्या उंच गवताच्या दाटीत त्याला फर्मीन सापडला.

"दादा, मला मारू नकोस रे!"

"गप! तो सरकारी डगला काढ आधी." डगला चिखलात दडपून अन्सेल्मोने स्वतःची टोपी भावाच्या डोक्यावर घट्ट बसवली. "पुठ्ठा पडू देऊ नकोस. कोणी विचारलं तर माझं नाव सांग."

"आणि तू?"

"मला इथं कोण ओळखत नाही?"

एवढ्यात बोरू दुभंगला. व्हिटलॉक चार शिपायांसह उभा होता. त्याने आधी फर्मीनची टोपी पाहिली, मग अन्सेल्मोचे उघडे डोके.

"कप्तानसाहेब, मी अन्सेल्मो. माझा चेहरा तरी ओळखा."

कप्तानाने चेहरा नीट पाहिला. त्याने ओळखले होते, यात तिळमात्र शंका नको. पण भोवती शिपाई होते, हुकूम त्याच्याच तोंडचा होता, आणि रक्ताची चटक लागलेल्या हाताला उपकाराची आठवण जड जाते.

"चेहरे ओळखायचे असते," तो म्हणाला, "तर पुठ्ठे कशाला वाटले असते?"

आणि त्याने बार काढला. भावाच्या रक्ताचे शिंतोडे फर्मीनच्या तोंडावर उडाले. ओरडायचीही चोरी होती.

सायंकाळी हजेरी झाली. "अन्सेल्मो अरोचा!" कप्तानाने पुकारले, आणि त्या लाल पट्ट्याच्या टोपीकडे रोखून पाहिले. एकोणीस स्वारांनी माना खाली घातल्या.

"हजर," फर्मीन म्हणाला.

कप्तानाने यादीत नावापुढे खूण केली. मेलेला माणूस हजेरीत जिवंत निघाला, की मारणाऱ्यावर खून कसला?

पुढे नव्या सरकारने अन्सेल्मो अरोचाला शौर्याची सनद दिली. तिच्यावर शिफारशीची सही व्हिटलॉकची होती. फर्मीन ती घेऊन घरी गेला. आईने दार उघडले, टोपी पाहिली, टोपीखालचा चेहरा पाहिला, आणि बाजूला होऊन त्याला आत घेतले. तिने मागितलेला मुलगा तिला मिळाला होता.

सनदेवर तेच नाव, म्हणून गावही त्याला अन्सेल्मोच म्हणत राहिले. आई आणखी अकरा वर्षे जगली. त्याला वाढायची, त्याचे कपडे धुवायची. पण त्याला तिने कोणत्याच नावाने हाक मारली नाही.