पिवळ्या पट्टीचा मास्क

"बाई, लवकर या! धाकटी पडली!"

फोन लंबूचा होता. एरवी दोन विनोद केल्याशिवाय हा माणूस मुद्द्यावर येत नसे. आज त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. बाईंनी जेवणाचा डबा तसाच टाकला आणि त्या निघाल्या.

बाई म्हणजे औषधं बनवणाऱ्या त्या कंपनीच्या सुरक्षा अधिकारी. मागून सगळे त्यांना चष्मेबाई म्हणत. प्रयोगशाळेत कोणी संरक्षक चष्म्याशिवाय दिसला की त्या लांबूनच "चष्मा!" अशी आरोळी ठोकत. ती ऐकून साहेबसुद्धा दचकत आणि मुकाट्याने खिशातून चष्मा काढत.

त्या पोचल्या तेव्हा अँब्युलन्स फाटकाबाहेर पडत होती. सगळे अंगणात उभे होते. साहेबांनी निकाल आधीच लावून टाकला होता.

"हूडचा पंखा बंद पडला असणार. वाफा खोलीत पसरल्या," ते म्हणाले. "पंखेवाल्या काकांना आजच घरी बसवतो."

"साहेब, पंखा चालू आहे हो," काका काकुळतीला आले. "आत जाऊन बघा तरी."

"मग ती पोरगी काय नाटक करत होती?"

वादात पडायला बाईंना वेळ नव्हता. मास्क चढवून त्या एकट्याच आत शिरल्या.

फ्यूम हूड म्हणजे पुढे काचेचं सरकतं दार असलेलं मोठं कपाट. आतली वाफ आणि भुकटी ते वर खेचून बाहेर टाकतं. त्याच्या कडेला कोणीतरी पातळ कागदाची एक पट्टी चिकटवून ठेवली होती. हवा ओढली जातेय की नाही हे बघायची ही सगळ्या प्रयोगशाळांतली जुनी सवय. पट्टी आतल्या बाजूला सरळ ताठ फडफडत होती. काका खरं बोलत होते.

आत तराजू, चमचा आणि पांढऱ्या भुकटीची उघडी बरणी. सांडलेलं काही नाही. बरणीवर माणसाच्या छातीत चांदणी फुटल्याचं चित्र. श्वासाला घातक असलेल्या मालावरचं ते चित्र बाईंना चांगलं ठाऊक होतं.

ती भुकटी म्हणजे इंटरमिजिएट. औषध नव्हे, औषधाच्या एक पायरी अलीकडचा माल. बहुतेकांना ती काही करत नाही. पण एखाद्याच्या शरीराशी तिचं वैर जडतं, आणि एकदा जडलं की कायमचं. मग चिमूटभर नाकात गेली तरी छाती आवळते. अशा माणसाला बाई त्या प्रयोगशाळेत पुन्हा पाऊल टाकू देत नसत. कितीही हुशार असो, कितीही रडो.

भुकटी तोलणाऱ्यानेच मास्क लावायचा, असा नियम होता. आज धाकटी तोलत होती. लंबू आणि प्रयोगशाळेतली सगळ्यांची ताई त्याच खोलीत पलीकडच्या टेबलांवर होते, नुसत्या चष्म्यावर. मास्क नसलेले दोघे ठणठणीत आणि मास्क लावलेली एकटी आडवी. बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

बाहेरच्या छोट्या खोलीत खुंट्यांवर मास्कच्या पिशव्या टांगलेल्या होत्या. लंबूची हिरव्या पट्टीची, ताईची लाल, धाकटीची पिवळी. पिवळी रिकामी होती. तिचा मास्क बेसिनजवळ धुऊन पालथा घातला होता. अजून पाणी टपकत होतं.

बाईंनी पिवळी पिशवी उचलली, तिच्या आतून ओला बोळा फिरवला आणि तो कंपनीच्याच तपासणी विभागात पाठवला.

लंबूला त्यांनी बाजूला घेतलं.

"काय काय झालं, क्रमाने सांग."

"ती तोलत होती. एकदम खोकायला लागली आणि टेबल धरून खाली बसली. ताई ओरडल्या, गॅस गळतोय, बाहेर पळा! मी पळत सुटलो, खोटं कशाला बोलू. दारातून वळून बघितलं तर ताई तिच्याजवळ. झटकन मास्क ओढून काढला, खिशातून दम्याचा पंप काढला आणि दोन फवारे मारले. बाई, ताई नसत्या तर..." लंबूने डोळे पुसले. "आणि गॅसगळतीच्या सरावात मला काय काय सुनवायच्या! मी त्या गोणपाटाच्या बाहुल्याचा मास्क काढला तर म्हणाल्या, लंबू, मारलास की रे त्याला, चल, पुन्हा पहिल्यापासून."

सराव ताईच घेत असे, बाईंच्या वतीने. बाईंनीच तिला तयार केलं होतं. दहा माणसांत तिचं कौतुक करताना बाई थकत नसत. ताई आणि धाकटी सख्ख्या बहिणी. धाकटी ताई म्हणायची म्हणून अख्खी प्रयोगशाळा, वयाने मोठे काकासुद्धा, तिला ताईच म्हणत.

ताई पायरीवर बसली होती.

"मास्क तू धुतलास?"

"हो बाई. उलटीने भरला होता."

"बहीण अँब्युलन्समध्ये आणि तू मास्क धूत होतीस?"

"डोकंच चालत नव्हतं माझं. हाताला काहीतरी काम हवं होतं."

"पंप कुठून आला?"

"माझ्याजवळ असतो. तिला लहानपणापासून थोडा दमा आहे ना."

बाईंनी मान हलवली आणि आणखी काही विचारलं नाही. त्यांना एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं.

थोड्याच वेळात दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. धाकटीचा धोका टळला होता. हा त्रास पहिल्यांदाच झालेला नाही, असं तिनेच त्यांना सांगितलं होतं. पाठोपाठ तपासणीचा निकालही आला. बाईंनी सगळ्यांना मास्कच्या खोलीत बोलावलं.

"साहेब, आधी काकांची माफी मागा. पंखा उत्तम चालतोय."

साहेब पुटपुटल्यासारखं काहीतरी बोलले. काकांचा जीव भांड्यात पडला.

"हवेत काही असतं तर आधी लंबू पडला असता," बाई म्हणाल्या. "त्याच्या नाकावर काहीच नव्हतं. विष हवेत नव्हतं, मास्कमध्ये होतं. मास्क धुतला गेला. पिशवी मात्र धुवायची राहिली. पिशवीत आतून भुकटी सापडलीय. स्वच्छ मास्क ठेवायच्या पिशवीत भुकटी आपोआप जात नाही."

"पण कोणी केलं?" लंबू म्हणाला. "या खोलीत तर कोणीही येतं."

"येतं. पण ही चिमूटभर भुकटी तुला किंवा मला लावली असती तर एखादी शिंक आली असती. धाकटीचं या मालाशी वैर जडलंय, हे माहीत असणाऱ्यानेच ती लावली. मलासुद्धा ते माहीत नव्हतं. तिने माझ्यापासून लपवलं, कारण मी तिला बाहेर काढलं असतं."

बाई ताईकडे वळल्या.

"लहानपणापासून दमा म्हणालीस. इथे घेण्याआधी प्रत्येकाची छाती मी स्वतः तपासून घेते. तिला दमा असता तर ती या दारातून आत आलीच नसती, आणि हे तुला पाठ आहे. प्रयोगशाळेत अॅप्रनचा खिसा रिकामा असला पाहिजे, गोळीसुद्धा चालणार नाही, म्हणून तू लोकांचे खिसे उलटे करायला लावतेस. आज तुझ्याच खिशात पंप. का? आज लागणार हे तुला माहीत होतं."

ताईचा हात नकळत अॅप्रनच्या खिशाकडे गेला.

"आणि गॅस, गॅस म्हणून ओरडलीस तूच. गॅस असताना पडलेल्याचा मास्क काढायचा नाही, हे तू बाहुल्यावर शिकवतेस. तरी पहिला हात घातलास तो मास्कलाच. कारण हवा चांगली आहे आणि मास्क वाईट आहे, हे तिथे फक्त तुलाच माहीत होतं."

"मला तिला मारायचं नव्हतं बाई!"

"माहीत आहे. म्हणून तर सापडलीस."

ताई भिंतीला टेकली. मग बांध फुटल्यासारखी बोलत सुटली. "साहेब नवीन विभाग तिच्या हाती देणार होते. तिला! बरणीचं झाकण कसं उघडायचं हेसुद्धा मी शिकवलंय तिला. मला वाटलं, थोडी धाप लागेल, तुम्हाला कळेल, तुम्ही नियमाप्रमाणे तिला बाहेर काढाल. तिच्या जिवाला धोका होताच ना इथे? तिच्या भल्याचंही होतं ते!"

"भल्याचं होतं तर मला येऊन सांगायचं होतंस. एक वाक्य पुरलं असतं. त्याच दिवशी मी तिला बाहेर काढलं असतं." बाईंचा आवाज फाटला. "पण मग बहिणीचं गुपित फोडल्याचा ठपका तुझ्यावर आला असता. तो नको म्हणून केसाने गळा कापलास. आणि कापायला हत्यार घेतलंस माझा नियम. माझा! तुला मी काय म्हणून शिकवलं होतं गं?"

साहेबांनी पोलिसांना फोन लावला.

संध्याकाळी बाई दवाखान्यात गेल्या. धाकटी उशीला टेकून बसली होती. ओठांचा निळेपणा गेला होता, पण श्वास अजून शिट्टी वाजवत होता.

"माझी नोकरी गेली ना बाई?"

"त्या खोलीतली गेली. नियम आहे. बाहेरचं काम मी मिळवून देईन."

"ताई कुठेय? दुपारपासून आली नाही."

वाटेत बाईंनी चार वेगवेगळी वाक्यं जुळवली होती. आता त्यातलं एकही आठवेना. त्यांनी जे होतं ते सांगितलं. मास्क, पिशवी, पंप, सगळं.

धाकटीने चादरीची शिवण चिमटीत धरली.

"पंप मीच दिला होता तिला," ती म्हणाली. "माझ्याजवळ सापडला तर तुम्हाला कळेल म्हणून. तिला म्हटलं होतं, काही झालं तर तू असशीलच ना जवळ."

तिला पुन्हा धाप लागली. नर्स धावत आली आणि ऑक्सिजनचा मास्क तिच्या तोंडाकडे नेऊ लागली. धाकटीने नर्सचा हात अडवला. मास्क स्वतःच्या हातात घेतला. उलटा करून दिव्याकडे धरला आणि आतून सगळीकडे बोट फिरवून बघितलं.

मग तिने तो तोंडाला लावला.