आभार ऐकणारी

सोलापुरात व्याख्यान कितीही रंगलेलं असो, ‘आता आभार’ म्हटलं की अख्खं सभागृह चपला शोधायला उठतं. त्या संध्याकाळी मीही उठले. पण ओढणी घडीच्या खुर्चीत अशी अडकली, की परत धप्पकन खाली बसले.

आभार मानणाऱ्या पोराला वाटलं, ही एकटीच आपलं ऐकतेय. त्यानं मंडपवाल्यापासून माइकवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार माझ्याकडं बघून मानले. मी ओढणी सोडवत होते आणि कान तापत होते.

बाहेर चहाच्या टपरीवर तो समोर आलाच.

“तुमी शेवटपर्यंत बसलात. लई बरं वाटलं.”

“ओढणी अडकली होती.”

तो असा हसला, की मी चहा प्यायचंच विसरले.

“मग उद्या पण तीच ओढणी घालून या की.”

मल्हार त्याचं नाव. सांगोल्याकडचा, घरी मेंढरं. इथं वकिली शिकत होता आणि व्याख्यानमालेत खुर्च्या मांडण्यापासून आभारापर्यंत पडेल ते करायचा. मी मोहोळची, घरी ऊस; इथं बँकेत नोकरीला, मावशीकडं राहणारी. दुसऱ्या दिवशी मी ओढणी बदलली, जागा मात्र तीच धरली. विषय होता, ‘माणूस मुळात स्वार्थी असतो का?’ वक्ते तासभर बोलले. मला एवढंच कळलं, की मल्हार डाव्या दाराशी उभा आहे आणि त्याचंही लक्ष व्याख्यानात नाही.

“मग? असतो का माणूस स्वार्थी?” मी चहा घेताना विचारलं.

“व्हय की. ही व्याख्यानमाला संपूच नये, असं वाटतंय मला. हा स्वार्थच.”

मी लाजले... चक्क लाजले. मावशीनं घरी विचारलं, व्याख्यान एवढं आवडलं का गं?

शुक्रवारी मात्र मला सांगावंच लागलं.

“रविवारी मोहोळला करकंबचं स्थळ येतंय मला बघायला. आमच्या अण्णांना पसंत आहे. तुम्हाला... काही म्हणायचंय?”

तो कपातच बघत राहिला. “आमी मेंढरंवाले, तुमी ऊसवाले. लोक काय म्हणतील?”

माझं डोकंच फिरलं. “समाजाला शहाणं करायला रोज वक्ते आणता, आणि स्वतः लोकांना भिता?”

चहा तसाच टाकून मी निघून गेले. रात्रभर रडले, खोटं कशाला सांगू.

शनिवारी शेवटचं व्याख्यान, ‘आपण लोकांना का भितो?’ साठीच्या एक बाई फार छान बोलल्या. प्रश्न विचारा म्हणाल्या, आणि माझा हात वर गेला. मी उठून उभी राहिले.

“एखाद्याचं आपल्यावर प्रेम आहे, पण तो लोकांना भिऊन बोलतच नाही. तर आपण... किती थांबायचं?”

सभागृहात खसखस पिकली. बाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग मी जिकडं बघत होते त्या दाराकडं पाहिलं.

“थांबू नका,” त्या म्हणाल्या. “त्यालाच विचारा.”

मग आभार पुकारले. एकही माणूस उठला नाही. सगळ्या माना मल्हारकडं वळलेल्या, आणि तो माइकपाशी घामाघूम.

“मंडपवाल्यांचे...” तो अडखळला. “आभार राहू द्या. ऋतुजा, मला तू लई आवडतेस. लोकांनी ऐकलं असंल, तर बरंच झालं.”

मागून कुणीतरी शिट्टी मारली. तो पायऱ्या उतरून सरळ माझ्यापुढं आला.

“उद्या मोहोळला येतो. अण्णांशी बोलतो. न्हाय म्हणाले तर परवा परत येतो.”

माझे डोळे भरून आले होते, पण आवाज काही कापला नाही.

“सकाळी ये,” मी म्हणाले. “पाहुणे दुपारी यायचेत.”