धाकटीवरचा होकार

मावशीच्या गटाबरोबर ती निघाली होती थोरल्या डोंगरावर. पोचली मात्र धाकटीवर. आणि याला कारणीभूत एकच — बसमध्ये लागलेली डुलकी.

झालं असं, की सकाळी उठायलाच उशीर झाला. मावशी आणि तिच्या मैत्रिणी आधीच्या बसने पुढे गेल्या. ही मागच्या बसमध्ये बसली, खिडकीला डोकं टेकलं आणि संपलंच. कंडक्टरने “ज्वालामुखी! ज्वालामुखीवाले उतरून घ्या!” अशी आरोळी ठोकली, तेव्हा दचकून जागी झाली आणि पाठपिशवी छातीशी कवटाळून धाडकन खाली उतरली. बस गेली. धूळ बसली. समोर ना तिकीटघर, ना चहाची टपरी, ना मावशी. नुसता एक बुटका, काळा, डोक्यावरून कापल्यासारखा डोंगर... आणि मैलाच्या दगडावर बसून बुटाची नाडी बांधणारा एक माणूस.

“अहो, थोरल्याकडे कुठून जायचं?”

“थोरल्याकडे?” त्याने नाडीची गाठ पुरती मारली, मग मान वर केली. “पुढच्या बसने. पण ती संध्याकाळी.”

“अरे देवा! मग हा कोणता डोंगर?”

“हा नाही, ही. ही धाकटी. थोरल्यावर जत्रा असते, हिच्याकडे कुणी फिरकत नाही.”

“हीसुद्धा ज्वालामुखी?”

“आहे की. झोपलेली.”

“म्हणजे माझ्यासारखीच.”

तो हसला. तिने आधी त्याचे दात पाहिले. धंद्याची सवय, दुसरं काय! कवळ्या बनवायच्या एका छोट्या कारखान्यात ती काम करायची — मेणात दात बसवायचे, प्लास्टरचे जबडे घासायचे, हिरड्यांना रंग द्यायचा. त्याचा वरचा उजवा सुळा जरासा पुढे होता. असा दात तिच्या हातून कधी झाला नव्हता. गिऱ्हाइकांना सगळे दात कसे एका ओळीत लागतात, कवायतीला उभे केल्यासारखे. हा सुळा मात्र ओळ मोडून मजेत पुढे येऊन उभा होता.

“संध्याकाळपर्यंत इथे बसून राहायचं नसेल तर... म्हणजे, मी वर चाललोय,” तो म्हणाला. दोन शब्दांच्या मध्ये तो थांबायचा, जणू पुढचा शब्द पेलेल की नाही याचा अंदाज घेत. “वाट सोपी आहे. बरीचशी.”

“तुम्ही काय करता? म्हणजे, अनोळखी बायकांना डोंगरावर नेत नाही तेव्हा?”

“लिफ्ट दुरुस्त करतो. आठवडाभर वर-खाली, वर-खाली. पण वर जाऊन दिसत काहीच नाही. म्हणून रविवारी इथे.”

झालं. त्या घटकेपासून तो ‘लिफ्टवाला’ झाला आणि ती ‘कवळीबाई’.

झाडी संपली आणि राखेचा चढ लागला. काळी भुसभुशीत खडी. पाऊल वर टाकावं, तर निम्मं परत खाली येतं. “आपण डोंगर चढतोय की चाळतोय?” असं ती म्हणतेय तोच पायाखालचं सगळं सुटलं.

“अगं, हात दे! हात दे आधी!”

मनगट त्याच्या मुठीत आलं. दोघं तसेच उभे... धापा टाकत. खडी सळसळत खाली गेली.

“अगं?” ती म्हणाली.

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “चुकून गेलं. घसरणाऱ्या माणसाला ‘अहो, आपण हात देता का’ म्हणायला वेळ कुठे असतो?”

“मग राहू दे तसंच. मी अजून बऱ्याचदा घसरणार आहे.”

माथ्यावर एक विवर होतं, तळाशी हिरवट पाण्याचं डबकं. कपारींतून बारीक वाफ निघत होती, गंधकाचा वास येत होता. तो गुडघ्यांवर बसला आणि तळवा जमिनीवर ठेवून म्हणाला, “हात लाव.” तिने लावला. जमीन कोमट होती, ताप उतरत आलेल्या कपाळासारखी. दोन तळवे शेजारी शेजारी. मध्ये करंगळीएवढी जागा. दोघांपैकी कुणीच हात उचलला नाही.

“त्या मागच्या रांगा दिसतात?” तो हळूच म्हणाला. “त्या हिच्या आज्या, पणज्या. कधीच विझल्या. आता नुसतं गवत. आपण... जाऊ एकेकीला भेटायला?”

त्या ‘आपण’वर तिला हसू फुटलं. मावशीने फोनवर तिची खरडपट्टी काढली, तेव्हाही ती हसतच होती.

मग रविवारमागून रविवार गेले. कधी गवताळ धारेवरून चालायचं, कधी थिजलेल्या लाव्ह्याच्या वेड्यावाकड्या लादीवरून. एकदा दगड गोळा करताना हलकाफूल दगड हाती लागला. त्याने तो ओढ्यात टाकला आणि तो तरंगला. “बघ, असेही दगड असतात,” तो म्हणाला. “दगड म्हणून सोडून द्यायचं नाही कुणाला.” तो संत्री आणायचा, सोलून अर्धं तिच्या हातावर ठेवायचा आणि साली आठवणीने स्वतःच्या खिशात. वारा सुटला की काही न बोलता तिच्या वाऱ्याच्या बाजूला येऊन चालायचा. कारखान्यात तिचे म्हातारे मालक चष्मा वर करून म्हणायचे, “बाई, हल्ली तुमच्या कवळ्यासुद्धा हसायला लागल्यात.”

घरी दादाला पत्ता नव्हता, पण वहिनीच्या नजरेतून काय सुटतंय!

“रविवार आला की तुमचे पाय जमिनीला लागत नाहीत हल्ली.”

“डोंगरावर असतात ना, वहिनी.”

“थट्टा पुरे. त्याने विचारलं का?”

“काय विचारायचंय?”

वहिनीने हातातला टॉवेल झटकला. “तुमच्याशी बोलणं म्हणजे साबण पकडणं.”

वहिनीचं खोटं नव्हतं. काही वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरून मोडलं होतं, तेही अगदी तोंडावर. नवऱ्यामुलाने कारणसुद्धा धड दिलं नव्हतं. लोक सांत्वनाला आले, तेव्हा तिनेच आधी विनोद केला — “बरं झालं, मला साडी नेसायचा कंटाळाच आला होता.” लोक हसले, सुटले, निघून गेले. रडताना कुणी पाहिलं नाही. तेव्हापासून ही युक्ती तिच्या हाडीमांसी खिळली. काही जिवाशी आलं, की आधी थट्टा. थट्टा करणाऱ्याला कोण काय करणार?

...आणि तो दिवस आला. सगळ्यात मागच्या रांगेच्या धारेवर धुकं उतरलं, पाठोपाठ भुरभुर पाऊस. दोघं एका काळ्या कड्याच्या वळचणीला टेकून उभे राहिले. त्याच्या भुवयांवर पाण्याचे बारीक थेंब जमले होते. पुसून टाकावेत असं तिला फार वाटत होतं.

“मला... बंदराच्या शहरात काम मिळतंय,” तो म्हणाला. “उंच इमारती आहेत तिकडे. चांगलं आहे काम. मी विचार करत होतो... तू येशील का? माझ्याबरोबर. म्हणजे... कायमची.”

एवढं लांब वाक्य त्याने पाठ केलं असणार. आंघोळ करताना, लिफ्टच्या खोबणीत लोंबकळताना, कुठे कुठे म्हटलं असेल! ‘हो’ तिच्या ओठांपर्यंत आलं; पण सवयीची जीभ त्याच्याही पुढे धावली.

“येईन की! लिफ्ट पाठव, उभ्या उभ्या येते.”

तो हसला. ओठ मिटून हसला. सुळा दिसला नाही. ते तिला दिसलंही, खटकलंही. तरी तिला वाटलं — विचारेल की परत. उतरताना विचारेल. बसमध्ये विचारेल.

“पाऊस थांबला,” तो म्हणाला. “चल.”

त्याने परत विचारलं नाही. असल्या गोष्टी एकदाच विचारायच्या असतात, असं त्याला वाटायचं. आणि दुसऱ्यांदा विचारेपर्यंत त्या खऱ्या धरायच्या नसतात, असं तिला वाटायचं. एवढ्याशा फरकावर सगळं अडलं.

तो जायच्या दिवशी ती स्टँडवर गेली. तो “येतो” म्हणाला. ती “लिफ्टमध्ये अडकू नकोस” म्हणाली. पुढे फोन होत राहिले. तिच्या गमती, त्याचे थांबे. थांबे लांबत गेले. मग फोनच थांबले.

“तुम्ही का विचारत नाही?” वहिनी एकदा म्हणाली.

“मी? मी काय विचारू?”

“त्याने विचारलं तेच.”

ते गळी उतरायला तिला दोन हिवाळे लागले.

मग अचानक त्याचा फोन आला. आईला कायमचं तिकडे न्यायला तो आला होता. “धाकटीवर... येतेस?”

त्या आठवड्यात तिने कारखान्यातल्या प्लास्टरच्या जबड्यांपुढे रोज तालीम केली. सगळ्यांनी मुकाट ऐकून घेतलं. एकही हसला नाही.

बसमधून उतरताच तो म्हणाला, “मला तुला एक सांगायचंय.”

“आधी वर. आणि वर गेल्यावर माझं आधी.”

त्याने तोंड उघडलं, मिटलं. “बरं,” म्हणाला.

राखेच्या चढावर ती या वेळी घसरली नाही. माथ्यावर वारा होता. विवराच्या काठाशी पोचल्यावर तिने पाठपिशवीसुद्धा उतरवली नाही; उतरवली असती तर धीर सुटला असता.

“त्या दिवशी तू विचारलंस ना, येशील का म्हणून... मला हो म्हणायचं होतं. तेव्हाही, त्यानंतर रोज. मी येते. यायचंय मला. ही थट्टा नाही.”

तो पाहतच राहिला. चेहऱ्यावर एकदम उजेड आला — तिने पाहिला तो, नक्की पाहिला — आणि तसाच हळूहळू ओसरला.

“आता?” तो म्हणाला. “अगं... आता?”

तिला कळलं.

“तिकडे एक शिक्षिका आहे. पुढच्या महिन्यात लग्न आहे आमचं. तेच सांगणार होतो खाली.” तो खाली बसला. “का नाही बोललीस तेव्हा?”

“वाटलं, परत विचारशील.”

“मला वाटलं, तुला नको आहे आणि मला लागू नये म्हणून तू हसण्यावारी नेलंस. परत विचारलं असतं तर तुला परत तेवढे कष्ट. तुला कशाला त्रास...” त्याने हातातला खडा उगाच फिरवला. “फार वाईट गेले ते दिवस. आता ते संपलेत. मी तिला शब्द दिलाय. आणि तो मनापासून दिलाय.”

“असणारच. तुला खोटा शब्द देता येत नाही.”

तो जे सौजन्य समजला होता, ते तिचं भित्रेपण होतं. आणि ती जे त्याचं थंडपण समजली, ती त्याची माया होती. दोघं किती जपून वागले एकमेकांशी! जपता जपता हातातून गेलं.

डोंगराचं एक वाईट असतं. वर जे बोलून बसलात ते घेऊन, त्याच माणसाबरोबर, खाली उतरावंच लागतं. ती पुढे चालली, चेहरा दिसू नये म्हणून. मागे त्याच्या बुटांचा आवाज येत होता. ती रडत असली की तो मुद्दाम अंतर वाढवायचा, आणि चढउताराच्या अवघड जागी न बोलता जवळ यायचा. एका जागी त्याने हात पुढे केला. तिने धरला. उतार संपला तरी दोन पावलं कुणी सोडला नाही... मग तिनेच सोडला.

पहिल्या बसने त्याने जायचं आणि पुढच्या बसने तिने, एवढंच उतरताना ठरलं होतं. रस्त्यावर त्याची बस आली.

“लग्नाला येशील?” त्याने विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्यालाच कसंतरी झालं.

कितीतरी विनोद जिभेवर येऊन उभे राहिले. तिने त्यांना जाऊ दिलं.

“नाही,” ती म्हणाली. “मला नाही सोसणार ते.”

त्याने मान हलवली. डोळे भरले होते त्याचे. “अहो, येताय का?” कंडक्टर ओरडला. तो पायरीशी उभाच होता, एक हात दांडीवर.

“चढ रे,” ती म्हणाली. “चढ आता.”

तो चढला. बस वळणाआड गेली, आवाजही गेला. रस्त्यावर ती एकटी राहिली. मग ती मनसोक्त रडली, उघड्यावर, भर दुपारी, कुणी पाहील याची पर्वा न करता. तिची बस यायला अजून बराच वेळ होता.