अध्यक्षांचा नेहमीचा प्रश्न

"माझी सून घरात शंभर चुका करते. गणितात करत नाही."

बाईंनी हे दारातूनच सांगितलं. कडेवर नातू होता आणि खांद्याला दुधाच्या बाटल्यांची पिशवी. चेहरा असा, की समोरच्याने खुर्ची न देता बोलायची हिंमत करू नये. वहिनींनी खुर्ची दिली.

वहिनींना सगळं गाव वहिनी म्हणायचं, पण खरे दीर एकच. ते कोपऱ्यात बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते. वहिनींच्या खाजगी तपासाच्या या कचेरीत त्यांचं काम गाडी चालवणं, चहा सांगणं आणि चुकीचा माणूस गुन्हेगार ठरवणं. तिसरं ते फार मन लावून करत.

"समोरच्या संस्थेत परिषद चालू आहे," सासूबाई म्हणाल्या. "नियंत्रण सिद्धांत म्हणतात त्याला. यंत्राला काबूत कसं ठेवायचं, त्याचं गणित. जमलेल्यांतल्या एकालाही स्वतःची जीभ काबूत ठेवता येत नाही, ते सोडा. आज सकाळी सुनेने सगळ्यांसमोर आपलं यंत्र चालवलं आणि ते पडलं. दुपारच्या चहानंतर निवड समिती बसणार आहे. कायमची नोकरी हिला द्यायची की आयोजकांच्या जावयाला, ते ठरवणार. यंत्र कुणी पाडलं ते तोवर कळलं नाही, तर सून गेली कामातून."

"सुनेवर फार जीव दिसतो," भाऊजी कौतुकाने म्हणाले.

"जीव कसला? तिला बोलायचं तर मी बोलेन. बाहेरच्यांनी बोलायचं काम नाही."

वहिनी उठल्या. अशी अशिलं त्यांना आवडत.

*

परिषदेचं सभागृह प्रशस्त होतं आणि विद्वानांनी भरलेलं होतं. प्रत्येकाच्या गळ्यात नावाचं कार्ड, प्रत्येकाचा डोळा दुसऱ्याच्या कार्डावर. कार्ड मोठ्याचं असेल तर हसू रुंद, नाहीतर नजर सरळ बिस्किटांकडे. ज्यांच्या सूत्रांनी विमानं स्थिर राहतात म्हणे, ते चहाचा कप बशीत नीट ठेवू शकत नव्हते.

व्यासपीठावर चार पायांचं एक लांब टेबल होतं. टेबलावर रूळ, रुळावर छोटी गाडी. गाडीवर एक काठी खालच्या टोकाला सैल खिळवलेली असायची. पोरं तळहातावर काठी तोलतात ना, तसा हा प्रकार. काठी कलली की गाडीने त्या बाजूला सरकायचं आणि तिला पुन्हा उभी करायची. काठी आता दोन तुकडे होऊन पडली होती.

व्यासपीठाच्या डाव्या हाताला, भाषणाच्या मेजाशेजारी, अध्यक्षांचं छोटं टेबल होतं. त्यावर पाण्याचा जग फुटला होता आणि काचा अजून कुणी उचलल्या नव्हत्या.

सून टेबलाच्या कडेला उभी होती. रडून झालेलं होतं.

"सकाळी चाललं होतं?" वहिनींनी विचारलं.

"उत्तम. आधी लेव्हल लावून टेबल सपाट आहे ना ते बघितलं. मग काठी उभी धरून गाडीला शिकवलं, की 'सरळ' म्हणजे हे. पुढचं सगळं त्या एका गोष्टीवर चालतं. मग बाळाला पाजायला खोलीवर गेले."

"तेव्हा इथे कोण होतं?"

"येणारे-जाणारे. आयोजक होते, त्यांचे जावई होते. माझे मार्गदर्शकही होते, बडे सर, आजचे अध्यक्ष."

"पडलं कसं?"

"मी पाठमोरी होते, फळ्यावर समीकरण दाखवत होते. आवाज आला तेव्हा वळले."

"आणि हे?" वहिनींनी समोरच्या दोनेकशे खुर्च्यांवरून हात फिरवला.

"हे सगळे फोनमध्ये होते," मागून सासूबाई म्हणाल्या. "बघत मी एकटीच होते. आणि बाळ. ती गाडी आधी एवढीशी उजवीकडे गेली. मग डावीकडे जी सुटली, ती थेट टोकाला आपटली. काठी उडाली आणि जग फुटला."

"इकडे-तिकडे, इकडे-तिकडे हेलकावे खाल्ले का?"

"छे. एकदा ठरवलं आणि गेली. आमच्या यांच्यासारखी."

वहिनी वाकल्या. टेबलाच्या उजव्या बाजूच्या दोन्ही पायांखाली बिस्किटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याच्या जाड घड्या होत्या, अगदी सारख्या.

"टेबल डुगडुगत असेल," भाऊजी म्हणाले. "आमच्या जेवणाच्या टेबलाखाली अशीच घडी आहे."

"एक की दोन?"

"एक."

"बरोबर," वहिनी म्हणाल्या आणि घड्या काढून पिशवीत टाकल्या. भाऊजींना काय बरोबर होतं ते समजलं नाही, पण कौतुक झालं असं समजून ते खूश झाले.

*

जावई पहिला सापडला. कडक इस्त्री, कडक अत्तर, हसू मात्र मऊ.

"वाईट वाटलं हो," तो म्हणाला. वाईट वाटल्याची एकही खूण चेहऱ्यावर नव्हती. "पण सिद्धांतच कच्चा असेल तर कोण काय करणार? बड्या सरांनी तर लगेच बोट ठेवलं. काठी पडल्यापडल्या त्यांनी विचारलं, 'काठी किती कलली याचं माप गाडीपर्यंत पोचायला उशीर झाला, तर तुमची पद्धत टिकेल का?' संपलंच."

"सर नेहमी असे नेमके प्रश्न विचारतात?"

जावयाला हसू आवरेना. "सर? सर अध्यक्ष असले की पहिल्या वाक्याला डोळे मिटतात आणि टाळ्यांनी जागे होतात. मग एकच प्रश्न. 'हे सगळं ठीक, पण याचा प्रत्यक्ष उपयोग काय?' मी विद्यार्थी होतो तेव्हाही तोच, आज सकाळच्या पहिल्या तीन भाषणांनाही तोच. आम्ही नकला करतो त्यांची."

आयोजक त्याचे सासरे. ते प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करत.

"हा घातपात वगैरे काही नाही," ते म्हणाले. "आणि माझे जावई आहेत म्हणून मी बोलतो असं नाही, पण त्यांची योग्यता..."

"ती दिसली," वहिनी म्हणाल्या. "अध्यक्षांच्या टेबलावर काठी पडली. अध्यक्षांना लागलं नाही?"

"नशीब! हिच्या भाषणाला सर पलीकडे, उजव्या बाजूला जाऊन बसले होते. पंख्याचा वारा लागतो म्हणाले. एरवी त्यांची जागा हीच. नाहीतर कपाळमोक्ष होता."

वहिनींनी छताकडे पाहिलं. पंखे दोन्ही बाजूंना होते आणि दोन्ही फिरत होते.

बडे सर मागच्या दालनात बिस्किट चहात बुडवत बसले होते. पांढरे केस, थोर कपाळ, आवाजात ओलावा.

"मुलीसारखी आहे मला ती," ते म्हणाले. "हिरा आहे हिरा. पण घाई केली. मी म्हणत होतो, अजून दोन-तीन वर्षं माझ्याकडे थांब. लहान मूल पदरात, कशाला हवी धावपळ? आता थांबेल."

"तुमचा नवा शोधनिबंध नुकताच गाजला म्हणे. काय आहे त्यात?"

"त्यात..." सरांनी बिस्किट जरा जास्त वेळ बुडवलं आणि ते चहात पडलं. "तपशील ती सांगेल. तिला विचारा."

*

"जावईच," बाहेर येताच भाऊजी म्हणाले. "फायदा त्याचा, सासरा पाठीशी. आणि त्या अत्तराचा माणूस सरळ असूच शकत नाही."

"भाऊजी, तुम्ही कधी नव्हे ते निम्मं बरोबर बोललात. त्याला हे करायला नक्की आवडलं असतं. आता एक काम करा. मी खूण केली की या घड्या टेबलाच्या डाव्या बाजूच्या दोन्ही पायांखाली घालायच्या. चोरून नाही. टेबल डुगडुगतंय असं मोठ्याने म्हणून, सगळ्यांच्या देखत."

"आणि?"

"आणि काही नाही."

समिती बसण्याआधी यंत्र एकदा पुन्हा चालवू द्यावं, असं वहिनींनी आयोजकांना सुचवलं. आयोजकांनी घसा साफ केला, पण समितीतल्या एक वयस्कर बाई पटकन 'चालू द्या' म्हणाल्या. सुनेने दुसरी काठी बसवली, लेव्हल लावली, गाडीला 'सरळ' शिकवलं. काठी उभी राहिली. मग यंत्र बंद करायला लावून वहिनींनी सुनेला फळ्याकडे नेऊन काहीतरी विचारायला सुरुवात केली. विचारत काय होत्या, ते त्यांनाही समजत नव्हतं.

सभागृह भरलं. पाण्याचा जग बदलला होता. बडे सर पुन्हा उजव्या बाजूला बसले होते, शेजारी चहाचा कप आणि चष्म्याची डबी.

वहिनींनी पदर सारखा केला. भाऊजी व्यासपीठावर चढले.

"टेबल डुगडुगतंय!" ते नाटकातल्यासारखे ओरडले, टेबलाची डावी बाजू जरा उचलली आणि घड्या सरकवल्या.

जावयाने जांभई दिली. आयोजक घड्याळ बघत होते. विद्वानांच्या रांगाच्या रांगा फोनमध्ये मान घालून होत्या. त्यांच्या समीकरणांत जमीन नेहमी सपाट असते, तेव्हा टेबलाखाली बघण्याचं कारण नव्हतं.

एकच माणूस उठला. बड्या सरांनी कप उचलला, चष्म्याची डबी उचलली आणि व्यासपीठाच्या मागून वळसा घालून ते डावीकडच्या खुर्चीवर जाऊन बसले.

"आता चालू करा," वहिनी म्हणाल्या.

गाडी किंचित डावीकडे सरकली. मग उजवीकडे जी सुटली, ती टोकाला आपटली आणि काठी सरांनी नुकत्याच सोडलेल्या खुर्चीवर जाऊन आदळली.

आता सगळ्यांनी माना वर केल्या.

"सर," वहिनींनी विचारलं, "जागा का बदललीत?"

"वारा लागत होता. पंख्याचा."

"सकाळी डाव्या पंख्याचा वारा लागला म्हणून तुम्ही उजवीकडे गेलात. आता उजव्याचा लागला म्हणून डावीकडे. वारा मोठा समजूतदार आहे. काठी जिकडे पडायची, नेमका त्याच बाजूला लागतो."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"मला तुमचं गणित येत नाही," वहिनी सभेकडे वळल्या. "पण टेबल डुगडुगत असेल तर एका पायाखाली घडी घालतात. सकाळी एकाच बाजूच्या दोन्ही पायांखाली सारख्या घड्या होत्या. म्हणजे डुगडुग घालवायची नव्हती, टेबल कलतं करायचं होतं. गाडीला 'सरळ' शिकवलं होतं ते सपाट टेबलावर. टेबल कललं की तिचं 'सरळ' खोटं ठरतं आणि ती उताराकडे पळत सुटते. कुठल्या बाजूला पळेल, हे घडी घालणाऱ्यालाच आधी ठाऊक. तुमच्यापैकी कुणाचंही लक्ष त्या घड्यांकडे गेलं नाही. यांचं गेलं. चोराच्या मनात चांदणं."

"हा तर्क झाला," सर म्हणाले. आवाजातला ओलावा सुकला होता. "दोष पद्धतीतच आहे. उशिराचा."

"तेच सांगते. सूनबाई, माप पोचायला उशीर झाला तर गाडी कशी वागते?"

"हेलकावे खाते," सून सावकाश म्हणाली. ती सरांकडे बघत होती. "इकडून तिकडे, आणि दर वेळी मोठे. एकाच बाजूला सरळ पळत नाही. सर, हे तर तुम्हीच मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं."

"सकाळी एकही हेलकावा नव्हता. या आजींनी पाहिलं, आणि आता तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत," वहिनी म्हणाल्या. "मग उशिराचा प्रश्न आला कुठून? तो घरून करून आणला होता. सर प्रत्येक भाषणाला झोपतात आणि उठून एकच प्रश्न विचारतात, हे इथल्या पोराटोरांना पाठ आहे. आज पहिल्या तिन्ही भाषणांना तोच विचारला. चौथ्याला मात्र ते टक्क जागे होते आणि प्रश्न नवा होता. लोकांनी टेबलाखाली बघू नये, पोरीच्या सिद्धांताकडे बघावं, म्हणून."

"पण का?" भाऊजींना राहवेना. "त्यांचा काय फायदा?"

"स्वतःचा निबंध त्यांना सांगता येत नाही, भाऊजी. 'तिला विचारा' म्हणाले. ती नोकरीला लागली तर लिहायचं कुणी? आपण सगळे शेजारच्या शेतातली ढोरं मोजत बसलो. इथे कुंपणच शेत खात होतं."

आयोजक घसा साफ करायचा विसरले. जावई मात्र खरा दुखावलेला दिसला. आयतं पाप समोर वाढून ठेवलं होतं आणि ते त्याला सुचलंसुद्धा नव्हतं.

समितीच्या वयस्कर बाईंनी स्वतः खाली बसून घड्या काढल्या. "आता दाखव," त्या सुनेला म्हणाल्या. वाकडी झालेली काठी बदलून गाडी पुन्हा सुरू झाली. बाईंनी बोटाने काठीला टिचकी मारली. काठी डोलली आणि उभी राहिली. त्यांनी अजून जोरात मारली. काठी पुन्हा उभी राहिली. समिती आत गेली आणि चहा निवायच्या आत बाहेर आली. वयस्कर बाईंनी सुनेचा हात हातात घेतला, तेव्हा सासूबाईंनी तोंड फिरवून बाळाचं नाक पुसलं. बाळाचं नाक स्वच्छ होतं.

सभागृह रिकामं होत होतं. बड्या सरांजवळ कुणी थांबलं नव्हतं. सकाळी त्यांच्या कार्डाकडे बघून रुंद हसणारे सगळे आता बिस्किटांकडे बघत होते. सर उठले आणि सुनेपाशी आले.

"झालं ते झालं," ते हळूच म्हणाले. "गैरसमज असतात. पण तो पुढचा निबंध, अर्धा राहिलाय... तेवढा तू पुरा करून देशील ना? आपल्या दोघांच्या नावाने."

सुनेने यंत्राचं बटण बंद केलं. काठी हातात धरून अलगद आडवी ठेवली, सासूबाईंच्या कडेवरून बाळ घेतलं आणि मगच सरांकडे पाहिलं.

"हे सगळं ठीक, सर," ती म्हणाली. "पण याचा प्रत्यक्ष उपयोग काय?"