यंत्राला नको असलेला अंगठा

दोन हजार सहा साली कारभार सुधारायचा म्हणून आमच्या दवाखान्यात हजेरीचं यंत्र आलं. त्याने सगळ्यांचे अंगठे मुकाट घेतले... एक माझा सोडून.

“सिस्टर, रेषा कुठे विसरून आलात?” यंत्र बसवायला आलेला महेश हसला.

“स्पिरिट आणि साबणात गेल्या. दिवसभर हात धुऊन बघा तुम्हीही!”

“मग उद्या परत येतो. तोवर मस्टरवर सही करा.”

तो आला... परवाही आला. सातपूरहून मोटारसायकलवर, केस विस्कटलेले. माझा अंगठा अलगद धरून काचेवर टेकवायचा, की लाल दिवा! मी अंगठ्याला खोबरेल चोळायचे, आणि मनात म्हणायचे, आजही घेऊ नकोस रे बाबा.

“एवढे अंगठे धरले,” तो एकदा म्हणाला, “पण सोडवत नाही असा हाच.”

“दुसरी कामं नाहीत वाटतं?” म्हणाले खरी, पण अंगठा काही ओढून घेतला नाही.

मी कंत्राटी होते. मार्चच्या आढाव्यात कायम झाले तर नाशकात राहायचं, नाहीतर देवळ्याला घरी परतून आप्पांनी पाहिलेल्या मुलाशी लग्न... तसं कबूलच केलं होतं मी. पण एकही खाडा नव्हता, मग भीती कसली?

आढाव्यात साहेब म्हणाले, “मस्टर आता धरत नाहीत. यंत्रात तुम्ही तीन महिने गैरहजर!” मेट्रनबाईंनी रदबदली केली, पण उपयोग झाला नाही.

शेवटच्या दिवशी महेश धावत आला. त्याने माझा अंगठा काचेवर ठेवला. हिरवा दिवा लागला.

“आज कसा घेतला?”

“पहिल्याच दिवशी काय ती अडचण होती. नंतर... मीच तुमचा ठसा साठवत नव्हतो. साठवला असता तर रोज कशाला आलो असतो? मला वाटलं, मस्टर चालतंय... साहेबांना सगळं सांगून आलो, दीपमाला. म्हणतात, तुमच्या जागी दुसरी नेमली.” मग म्हणाला, “माझं प्रेम आहे तुमच्यावर.”

मला राग यायला हवा होता. आलं ते रडू.

“नुसतं विचारलं असतंत ना... तरी हो म्हणाले असते.”

“मग आता—?”

“आता आप्पांना शब्द दिलाय.”

अंगठा अजून त्याच्याच हातात होता. या वेळी मात्र मी तो सोडवून घेतला. नोकरी गेल्याचंही मला तेवढं वाईट वाटलं नव्हतं.